कोरियातील पारंपरिक बाजार

दक्षिण कोरियातील जुन्या वळणाच्या बाजारांना ‘जॉनतोंग सिजांग’ म्हणतात. शहरांत रोज उघडणारे कायमचे बाजार आणि गावोगावी दर पाच दिवसांनी भरणारे ‘ओइलजांग’ हे त्यांचे मुख्य प्रकार. देशात असे सुमारे 1,400 बाजार आहेत. पर्यटक बहुतेक सोलमधल्या मोठ्या बाजारांत फिरतात. कोरियन समाजाची वीण कशी बसली हे समजायचे असेल, तर आधी ओइलजांग पाहावा.

आपला आठवडी बाजार वारावर ठरतो, ओइलजांग तारखेच्या शेवटच्या अंकावर. गांगवॉन प्रांतातल्या जॉंगसॉन गावचा बाजार 2 आणि 7 ने संपणाऱ्या तारखांना भरतो, सोलजवळच्या सॉंगनाम शहरातला मोरान बाजार 4 आणि 9 ला. शेजारच्या गावांनी आपापल्या तारखा वेगळ्या ठेवल्या, त्यामुळे एकाच व्यापाऱ्याला पाच दिवसांत पाच बाजार करता येत. अठराव्या शतकात, चोसॉन राजवटीत, असे हजाराहून अधिक बाजार भरत होते आणि लगतचे दोन बाजार साधारण एका दिवसात चालत जाऊन येण्याइतक्या अंतरावर असत. ही साखळी ‘बोबुसांग’ नावाच्या फिरत्या व्यापाऱ्यांनी चालवली. कुणाच्या पाठीवर कापड आणि शृंगाराच्या वस्तूंचे गाठोडे, तर कुणाच्या पाठीवरच्या लाकडी चौकटीवर मीठ, मडकी, लोखंडी सामान. त्यांची संघटना मोठी शिस्तीची होती. वाटेत आजारी पडलेल्या सोबत्याची शुश्रूषा आणि मेलेल्याचे अंत्यसंस्कार करणे हे तिच्या नियमांतच होते. मालाबरोबर गावोगावच्या बातम्याही त्यांच्यासोबत फिरत. विकायला काही नसले तरी लोक बाजाराच्या दिवशी घराबाहेर पडत, दुसऱ्या गावच्या नातलगांना भेटत, सोयरिकी जुळवत आणि कुकबाप, म्हणजे गरम रश्श्यात घातलेला भात, खाऊन परतत. कुकबाप आजही बाजाराचे हक्काचे जेवण आहे.

राजधानी सोलमध्ये चित्र वेगळे होते. जोंगनो रस्त्यावरच्या परवानाधारक दुकानांना इतरांचा व्यापार बंद पाडण्याचा अधिकार असे. राजा जॉंगजो याने 1791 मध्ये सहा प्रमुख दुकानसंघ वगळता बाकीच्यांचा हा अधिकार काढून घेतला आणि लहान विक्रेत्यांना वाट मोकळी झाली. पुढे जपानी व्यापाऱ्यांचा दाब वाढत असताना कोरियन व्यापाऱ्यांनी स्वतःचे भांडवल घालून 1905 मध्ये ग्वांगजांग बाजार उभा केला. तिथे मूग दळून तव्यावर तळलेल्या बिंदेत्तॉकसाठी आज रांगा लागतात. त्याच इमारतीत कापडाची आणि हानबोकची, म्हणजे पारंपरिक पोशाखाची, दुकाने आहेत. लग्न ठरलेल्या घरातली माणसे तिथे कापड पाहायला येतात. खाऊगल्लीच्या गर्दीत या दुकानांकडे दुर्लक्ष होते, ते होऊ नये.

माणसे हमखास जमतात म्हणूनच स्वातंत्र्यचळवळीला बाजार जवळचे वाटले. 1 मार्च 1919 ला जपानी सत्तेविरुद्ध उठाव सुरू झाल्यावर देगू शहरातल्या सॉमुन बाजारात 8 मार्चला निदर्शने झाली. 1 एप्रिलला छॉनानजवळच्या आउने बाजारात हजारो लोकांनी स्वातंत्र्याच्या घोषणा दिल्या. या निदर्शनाच्या तयारीत यू ग्वान-सुन ही सोळा वर्षांची विद्यार्थिनी पुढे होती. गोळीबारात तिचे आईवडील मारले गेले. ती स्वतः 1920 मध्ये सोलच्या तुरुंगात मरण पावली.

बुसानच्या बाजारांचा इतिहास युद्धाचा आहे. 1950 ते 1953 च्या कोरियन युद्धात उत्तरेकडून आलेले लाखो निर्वासित या बंदरात अडकले. कुकजे बाजारात जुने कपडे आणि अमेरिकन लष्करी छावण्यांतून बाहेर आलेला माल विकून अनेकांनी संसार सावरले. जागालची मासळीबाजार बायकांनी तोलून धरला, आणि ‘जागालची आजिमे’, म्हणजे जागालचीच्या बायका, हे त्या शहराच्या चिकाटीचे नाव झाले. तिथे खाली मासा निवडायचा आणि वरच्या मजल्यावर तो कापून किंवा शिजवून घ्यायचा, अशी रीत आहे.

बाजारातले वागणे दुकानापेक्षा सैल आणि जवळिकीचे असते. खाणावळीतल्या बाईला ‘इमो’, म्हणजे मावशी, म्हणून हाक मारतात. सौदा झाल्यावर विक्रेती मूठभर भाजी वर टाकते. या वरच्या मापाला ‘दॉम’ म्हणतात, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला ते न मागता मिळते. घरचे तीळ घेऊन आलेली माणसे घाण्यावर थांबून डोळ्यांदेखत तेल काढून घेतात. ते बहुधा सोजू या कोरियन दारूच्या रिकाम्या हिरव्या बाटल्यांत भरले जाते. लाह्या फोडणारा माणूस लोखंडी ड्रम उघडण्याआधी ओरडून सावध करतो, आणि पोरे कानांवर हात ठेवून उभी राहतात. सर्वांत मोठी झुंबड चुसॉक हा सुगीचा सण आणि चांद्र नववर्षाच्या आधी, पूर्वजांच्या पूजेचे सामान घेण्यासाठी उडते. नोव्हेंबरच्या सुमारास, हिवाळ्याची किमची, म्हणजे आंबवलेली तिखट भाजी, घालण्याच्या दिवसांत, कोबी, मुळे आणि लाल तिखटाचे ढीग लागतात.

1993 नंतर मोठ्या सवलतीच्या दुकानांची लाट आली आणि बाजार मागे पडू लागले. सरकारने गल्ल्यांवर छते घालायला पैसा दिला, 2009 मध्ये फक्त या बाजारांसाठी ‘ओन्नुरी’ खरेदीपत्रे काढली आणि 2012 पासून मोठ्या दुकानांना महिन्यातून दोन दिवस सुटी सक्तीची करण्याची तरतूद केली. छतांनी पावसाची सोय झाली, पण बरेच बाजार एकसारखे दिसू लागले. जॉंगसॉनची वाट निराळी ठरली. कोळसा खाणी बंद पडल्याने तालुका ओस पडत होता. 1999 मध्ये सोलहून बाजाराच्या दिवसांसाठी खास रेल्वेगाडी सुरू झाली आणि गोंदुरे ही रानभाजी घालून शिजवलेला भात खायला शहरातले लोक येऊ लागले. गर्दीबरोबर बाहेरचा मालही येतो, म्हणून आपल्या परिसरातला माल विकणाऱ्या तिथल्या आज्यांना तालुका प्रशासन ओळखपत्र देते आणि त्या ते गळ्यात घालून बसतात.