लिलावातलं घर, दुरुस्तीचं बिल आणि आयकर

आम्ही घरदुरुस्तीची कामं घेतो. बँकेच्या लिलावात फ्लॅट घेतलेले ग्राहक आमच्याकडे आले की भाव विचारायच्याही आधी एक प्रश्न हमखास येतो: "दुरुस्तीच्या खर्चावर टॅक्समध्ये किती सूट मिळते?"

खर्चावर थेट सूट मिळत नाही. अमेरिकेत घराच्या खिडक्या बदलल्या तरी टॅक्स क्रेडिट मिळायचं, ते कुणा नातेवाइकाकडून ऐकून इथे अपेक्षा वाढते. (तिथलीही ती सवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या कामांना बंद झाली.) आपल्याकडे वजावट आहे ती दुरुस्तीसाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजावर. स्वतः राहत असाल तर वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत, आणि तीही जुनी करप्रणाली निवडली तरच. शिवाय हे ३०,००० गृहकर्जाच्या व्याजाच्या २ लाखांच्या मर्यादेतच मोजतात. तो कोटा आधीच भरला असेल तर हाती काही लागत नाही. अशा कर्जाच्या मुद्दलफेडीवरही (पूर्वीचं कलम ८०सी) वजावट मिळत नाही. घर भाड्याने देणार असाल तर भाड्यातून सरसकट ३० टक्के वजावट मिळतेच, मग दुरुस्तीवर कितीही खर्च होवो.

मग पक्कं बिल कशाला? उद्या घर विकाल तेव्हासाठी. नवी वायरिंग, वाढवलेलं स्वयंपाकघर अशी सुधारणा नफ्यातून वजा करता येते. दोन वर्षांनंतर विकलं आणि ३ लाखांची सुधारणा कागदावर असली, तर १२.५ टक्क्यांनी ३७,५०० रुपयांचा कर वाचतो. नुसतं रंगकाम किंवा गळती काढणं सहसा त्यात धरत नाहीत. कुठलं काम कशात बसतं ते तुमचे सीए सांगतील. आम्ही बिलात सुधारणा, दुरुस्ती आणि फर्निचर वेगवेगळं लिहून देतो. सगळं "रिनोव्हेशन" या एका ओळीत कोंबलेलं बिल सीएंच्या काही कामाचं नसतं.

आता आमचं मुख्य गाऱ्हाणं. काम ठरवताना "जीएसटी नको, कच्चं चालेल" असं म्हणणारेच जुलैत, रिटर्न भरायच्या वेळी, फोन करतात: "मागच्या दिवाळीच्या तारखेचं बिल बनवून द्या ना." ते होत नाही. काम झाल्यापासून ३० दिवसांत बिल निघावं लागतं आणि ते आमच्या जीएसटी रिटर्नमध्ये जातं. मागची तारीख टाकायची म्हणजे आम्ही खोटं लिहायचं. नावाचंही तसंच: विक्री प्रमाणपत्र (लिलावानंतर बँक देते ते) नवरा-बायकोच्या नावे, कर्ज मुलाच्या नावे आणि बिल मागतात वडिलांच्या नावे! म्हणून एस्टिमेटआधीच आम्ही विक्री प्रमाणपत्राची झेरॉक्स मागतो. काहींना राग येतो, पण नंतरची धावपळ वाचते. १८ टक्के जीएसटी आम्ही खिशात घालत नाही, तो सरकारजमा होतो. रोख २ लाख किंवा त्याहून जास्त घेतले तर तेवढाच दंड घेणाऱ्याला, म्हणजे आम्हाला बसतो. तेव्हा चेक किंवा ऑनलाइनच.

फोटोवरून भाव देत नाही, याबद्दलही तक्रार असते. लिलावातलं घर "जसं आहे तसं, जिथे आहे तिथे" विकलं जातं, आणि दोन-तीन वर्षं बंद फ्लॅट फोटोत छानच दिसतो. कुलूप उघडल्यावर कळतं: नहाणी ट्रॅपमधलं (मोरीच्या जाळीखाली वास अडवणारं) पाणी आटून ड्रेनेजचा वास घरभर, संडासाच्या दाराची चौकट वाळवीने आतून पोकळ, बोटाने दाबली की भुगा. वर जुन्या मालकाने जाताना नळ, गीझर, कधी स्विचबोर्डसुद्धा काढून नेलेले. वीज मीटर थकबाकीपायी उचललेलं असेल तर आमचं ड्रिल मशीनही चालत नाही. हे पाहिल्याशिवाय सांगितलेला भाव पुढे वाढतोच, आणि मग भांडण.

ताबा प्रत्यक्ष मिळालाय की बँकेकडे फक्त कागदोपत्री आहे, तेही आधी बघा. प्रत्यक्ष ताबा नसेल तर आम्ही हातोडा उचलत नाही.

आमच्याकडे पाहणी मोफत आहे आणि एस्टिमेट लेखी मिळतं, तेही कामवार, थेट सीएंना दाखवता येईल असं. येताना विक्री प्रमाणपत्र, ताबा पावती आणि सोसायटीचं दुरुस्ती-परवानगीचं पत्र आणा. राडारोडा कुठे टाकायचा हे त्या पत्रात असेल तर तेवढंच बरं.