गाडी उचलली, ॲक्सल सरकला

मारुतीची जिप्सी १९८५ साली आली. तिच्या मागच्या सस्पेन्शनचं काय करायचं हे पुढे गावोगावच्या मिस्त्रींना पाठ झालं होतं. मागे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या कमानदार पोलादी पट्ट्या (लीफ स्प्रिंग). माल जास्त वाहायचा असेल तर एक पाटा वाढवायचा, पाटे बसले असतील तर लोहाराकडून तापवून पुन्हा कमान द्यायची. जून २०२३ मध्ये मारुतीचीच जिम्नी आली तेव्हा हे ज्ञान एका दिवसात निम्मं निकामी झालं, कारण तिच्या चाकांपाशी पाटेच नव्हते. पुढे कॉइल स्प्रिंग, म्हणजे तारेची वेटोळी, मागेही कॉइल स्प्रिंग.

माझ्या एका मित्राने ती गाडी घेतली आणि वर्षाच्या आत त्याच्या डोक्यात गाडी उंच करणारं लिफ्ट किट बसलं. मूळच्या २१० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्समध्ये (जमिनीपासूनच्या उंचीत) त्याचं काय अडलं होतं हे मला आजतागायत कळलेलं नाही. असो. पन्नास मिलिमीटरने गाडी उचलणाऱ्या स्प्रिंगा आल्या, बाजूच्या गोल खुंटीने घट्ट-सैल होणारे शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) आले, आणि एका रविवारी ते बसलेही. संध्याकाळी मागून पाहिलं तर डावं चाक मडगार्डच्या आत शिरलेलं आणि उजवं थोडं बाहेर डोकावणारं. मित्राचा पहिला अंदाज, स्प्रिंग वाकडी दिली. स्प्रिंगा सरळच होत्या.

काय झालं ते कळायला आधी पाट्याकडे परत जावं लागेल. पाटा दिसायला ओबडधोबड, पण तो एकटा तीन कामं करतो. गाडीचं वजन पेलतो, ॲक्सलला, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याला, पुढेमागे आणि डावीउजवीकडे जागेवर धरतो, आणि एकावर एक घासणाऱ्या पात्यांमुळे हेलकावेही थोडे जिरवतो. कॉइल स्प्रिंगला यातलं फक्त पहिलं काम येतं. ती वरखाली दबते, बाजूने ढकललं तर लवते. म्हणून कॉइल लावली की ॲक्सलला धरायला वेगळे दांडे लागतात. जिम्नीत मागच्या ॲक्सलला पुढेमागे धरणारे दोन लांब दांडे आहेत आणि तिसरा दांडा आडवा आहे. त्याचं एक टोक चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, दुसरं ॲक्सलला. हा पॅनहार्ड रॉड. पॅनहार्ड या जुन्या फ्रेंच मोटार कंपनीवरून हे नाव आलं. सुझुकी त्याला लॅटरल रॉड म्हणते.

आता या आडव्या दांड्याची गंमत अशी, की त्याचं चेसीकडचं टोक खिळलेलं असल्याने दुसरं टोक सरळ रेषेत वरखाली होऊच शकत नाही. ते कमानीतच फिरतं. दाराची कडी फिरते तसं. समजा दांडा ९०० मिलिमीटर लांब आहे आणि मूळ उंचीवर त्याच्या दोन टोकांत ६० मिलिमीटरचा उतार आहे. गाडी ५० मिलिमीटरने उचलली की उतार ११० होतो. दांडा तेवढाच राहतो, पण तो जास्त तिरका झाल्याने त्याची आडवी पोच कमी होते. पायथागोरसने हिशेब केला तर आधी ८९८ मिलिमीटर, आता ८९३. सगळा ॲक्सल, दोन्ही चाकांसकट, जवळजवळ पाच मिलिमीटर एका बाजूला ओढला जातो. पुढच्या ॲक्सललाही असाच दांडा असतो. दोन्ही दांडे विरुद्ध बाजूंना बांधलेले असतील तर पुढची चाकं एकीकडे आणि मागची दुसरीकडे सरकतात, आणि गाडी खेकड्यासारखी किंचित तिरकी चालू लागते.

ही अडचण जुनी आहे आणि तिच्यावरचा सगळ्यात देखणा उपाय मोटारीच्याही शंभर वर्षं आधीचा आहे. जेम्स वॉटने १७८४ मध्ये वाफेच्या इंजिनाच्या दांड्याला सरळ रेषेत चालवण्यासाठी एक जोडणी काढली. मधे छोटी फिरती पट्टी आणि तिच्या दोन टोकांना विरुद्ध दिशांना जाणारे दोन दांडे. एक दांडा डावीकडे ओढतो तेव्हा दुसरा तितकंच उजवीकडे ओढतो, आणि मधला बिंदू जवळपास सरळ वरखाली होतो. वाफेच्या इंजिनापेक्षाही वॉटला या जोडणीचा अभिमान जास्त होता. महिंद्राच्या २०२२ च्या स्कॉर्पिओ-एनमध्ये मागच्या ॲक्सलला हीच जोडणी आहे. जिम्नीत नाही, म्हणून तिथे बाजारातला लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड लागतो. मित्राने किट घेताना नेमका तोच वगळला होता. ‘साधा दांडा तर आहे, त्याला कशाला पैसे’, असं त्याचं म्हणणं.

स्प्रिंगेबद्दलचे गैरसमज याहून मोठे. गाडी उंच करणं आणि स्प्रिंग कडक करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेवढ्याच ताकदीची पण लांब स्प्रिंग लावली तर गाडी उंच होते, कडक होत नाही. ज्या सस्पेन्शनमध्ये आटे असलेली कॉलर फिरवून उंची बदलता येते, तिथेही कॉलर वर घेतल्याने साधी एकसारखी स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडी वर येते. कडकपणा ठरतो तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि वेढ्यांची संख्या यांवर. त्यातही तारेची जाडी चौथ्या घाताने मोजली जाते. बारा मिलिमीटरच्या तारेऐवजी पावणेतेरा मिलिमीटरहून किंचित जाड तार घेतली की तीच स्प्रिंग तीस टक्के कडक होते. एवढा फरक डोळ्याला दिसत नाही. म्हणून विकणाऱ्याला ‘हेवी ड्युटी आहे का’ असं विचारण्यात अर्थ नाही. एक मिलिमीटर दाबायला किती न्यूटन लागतात, हा आकडा मागायचा. सांगता येत नसेल तर दुसरं दुकान. वेढा कापून गाडी खाली घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. आठ कामाच्या वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग नुसती आखूड होत नाही, सुमारे चौदा टक्के कडकही होते.

आकडा हातात आल्यावर काय करायचं? समजा मागच्या एका चाकावर गाडीचं २५० किलो वजन तोललेलं आहे आणि स्प्रिंग मिलिमीटरला २० न्यूटनची आहे, म्हणजे साधारण दोन किलो भाराला एक मिलिमीटर दबणारी. अशी गाडी सेकंदाला १.४ वेळा वरखाली होते. माणसाच्या शरीराला १ ते १.५ च्या आसपासचं हे झुलणं सोसतं. चालताना आपलं शरीर याच्याच थोड्या वरच्या लयीत वरखाली होत असतं. याच्या फार खाली गेलं, सेकंदाला अर्ध्याहून कमी, की पोटात ढवळतं आणि गाडी लागते. फार मऊ सस्पेन्शन आरामाचं असतं, असं समजणाऱ्यांनी एकदा घाटात उलटीची पिशवी घेऊन बसून पाहावं.

आता या चाकावर ७५ किलो सामान चढवा. मागचा भाग सुमारे ३७ मिलिमीटर बसतो आणि झुलणं मंदावून १.२५ वर येतं. इथे तीस टक्के कडक स्प्रिंग लावली तर काय होईल? वजनही तीस टक्केच वाढलंय, म्हणून लय बरोबर १.४ वर परत येते. बसणंही २८ मिलिमीटरवर थांबतं. हिशेब सुरेख जुळला, पण फक्त सामान असेपर्यंत. सामान उतरवलं की तीच गाडी १.६ ने उसळायला लागते आणि रोजच्या ऑफिसच्या वाटेवर प्रत्येक स्पीडब्रेकर मणक्याला कळतो. तंबू, पाण्याचे कॅन आणि छतावरचा रॅक ज्यांच्या गाडीत वर्षभर असतो त्यांना जाड स्प्रिंग शोभते. वर्षातून दोनदा लडाखला जाणाऱ्यांनी नुसता विचार करावा.

मागच्या स्प्रिंगेला आणखी एक बंधन आहे. १९३० च्या दशकात मॉरिस ऑली हा इंग्रज इंजिनिअर अमेरिकेत कॅडिलॅकमध्ये काम करत होता. पुढचं टोक मागच्या टोकापेक्षा मंद झुलायला हवं, हे त्याने प्रयोगांनी दाखवलं. कारण सोपं आहे. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो. जिम्नीच्या दोन ॲक्सलमध्ये २५९० मिलिमीटर अंतर आहे. ताशी साठच्या वेगाने मागचं चाक त्याच खड्ड्यावर सेकंदाच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतकं उशिरा पोचतं. मागची लय थोडी जलद असेल तर मागचं टोक पुढच्याला गाठतं आणि दोन्ही एकत्र वरखाली होतात. उलट असेल तर गाडी होडीसारखी पुढेमागे डुलत राहते. डिकी भरून गेल्यावर गाडी ‘हलतेय’ असं वाटतं त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. फक्त पुढच्या किंवा फक्त मागच्या स्प्रिंगा बदलल्या तरी हे नातं बिघडतं.

शॉकअपचं काम वेगळं. नाव शॉकअप असलं तरी दणका स्प्रिंग झेलते. शॉकअप नंतरचं झुलणं थांबवतो. झोक्याला पाय टेकवून थांबवावं तसं. आत तेल असतं, पिस्टनवर बारीक छिद्रं आणि पातळ पोलादी चकत्यांची चळत असते. तेल त्यांतून रेटलं जातं आणि झुलण्याची शक्ती उष्णता होऊन निघून जाते. खराब रस्त्यावर तासभर गाडी पळवून शॉकअपला हात लावला तर चटका बसतो, तो त्याचा.

बाहेरची खुंटी फिरवली की सहसा आतली एक सुई पुढेमागे होते आणि तेलाची एक आडवाट अरुंद किंवा रुंद होते. ही आडवाट पिस्टन सावकाश हलतो तेव्हाच महत्त्वाची. वळणावर गाडी कलते, ब्रेकला नाक खाली जातं, मागचं टोक डुलतं, ही सगळी सावकाश हालचाल. खड्ड्यात चाक धाडकन पडतं तेव्हा तेल एवढ्या जोराने येतं की आडवाट पुरत नाही, चकत्या वाकून मुख्य वाट उघडावी लागते. त्या चकत्या साध्या खुंटीने बदलत नाहीत. म्हणून खुंटी पूर्ण सैल केली तरी खड्ड्याचा दणका फारसा कमी होत नाही, अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. शॉकअपमध्ये दोष नसतो, त्याच्याकडून भलती अपेक्षा असते.

मग खुंटी कशासाठी? वरच्याच हिशेबासाठी. तीस टक्के कडक स्प्रिंगेला, गाडी रिकामी असताना, झुलणं थांबवायला मूळच्यापेक्षा सुमारे १४ टक्के जास्त आवर लागतो. सामान चढवल्यावर तीस टक्के लागतो. न बदलणारा शॉकअप यातली एकच स्थिती सांभाळेल. खुंटीचा शॉकअप निघण्यापूर्वी दोन-तीन क्लिक घट्ट करता येतो आणि घरी आल्यावर सैल. क्लिक मोजायची रीत बहुतेक कंपन्यांची एकच आहे. खुंटी घड्याळाच्या दिशेने शेवटपर्यंत घट्ट करायची आणि तिथून उलट्या दिशेने मोजत यायचं. मधूनच मोजायला लागलं की दोन शॉकअप दोन ठिकाणी राहतात. मित्राचे डावा सात, उजवा अकरा होते.

उचललेल्या गाडीला शॉकअप लांबही लागतो. जुनाच ठेवला तर तो आधीच पन्नास मिलिमीटर उघडलेला असतो. चाक खड्ड्यात लोंबू लागलं की त्याची लांबी लवकर संपते, आणि चाक हवेत राहतं. उंच गाडी घेऊन डोंगरात जायचं आणि तिथे तिचं चाक जमिनीला टेकू नये, यासारखा विनोद नाही.

बाकीची यादी लहान नाही, पण पटकन सांगतो. ब्रेकचे होज (रबरी नळ्या) ताणले जातात का ते चाक पूर्ण लोंबकळत ठेवून बघायचं. हेडलाइट पुन्हा लावून घ्यायचे. काही जुन्या पिकअप गाड्यांत मागच्या ॲक्सलची आणि बॉडीची उंची पाहून मागचा ब्रेक कमीजास्त करणारा वाल्व असतो. गाडी उचलली की त्याला वाटतं डिकी रिकामी आहे, आणि माल भरलेला असतानाही तो मागचा ब्रेक कमी लावतो. गुरुत्वमध्य वर जातो तो वेगळाच. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफारांना मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर कडक भूमिका घेतली. किट मागवण्याआधी आरटीओत विचारणं किट मागवल्यानंतर विचारण्यापेक्षा स्वस्त पडतं.

तर मित्राची गाडी. लांबी बदलणारा दांडा आला. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गॅरेजात. मी दांडा घेऊन गाडीखाली शिरायला निघालो तर मिस्त्रीने थांबवलं. “साहेब, जॅकवर नाही. चाकावर उभी पाहिजे.” बरोबरच होतं. जॅकवर चाकं लोंबतात, दांड्याचा उतार वेगळाच होतो, आणि त्या स्थितीत जुळवलेली लांबी जमिनीवर चुकते. गाडी गॅरेजातल्या खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर उभी केली, पुढेमागे हलवून स्प्रिंगा बसू दिल्या. मग त्याने शेजारच्या बांधकामावरून गवंड्याचा ओळंबा मागून आणला. मडगार्डच्या कडेवरून दोरी सोडली आणि दोरीपासून रिमपर्यंत पट्टी लावली. डावीकडे ३१ मिलिमीटर, उजवीकडे २२.

“नऊचा फरक. नऊ सरकवू?” मित्राने विचारलं. नऊ नाही, साडेचार. ॲक्सल साडेचार सरकला की एका बाजूचं अंतर साडेचारने घटतं आणि दुसऱ्या बाजूचं तेवढंच वाढतं. दांड्याच्या दोन टोकांना उलटसुलट आटे होते, दर आट्याला दीड मिलिमीटर. मधला भाग एक पूर्ण फेरा फिरवला की लांबी तीन मिलिमीटरने वाढते. साडेचारला दीड फेरा. मिस्त्रीने पान्याने दीड फेरा दिला, गाडी पुन्हा पुढेमागे हलवली, ओळंबा सोडला. २६ आणि २७.

मग त्याने दांड्याच्या टोकांतल्या रबरी बुशचे बोल्ट तिथेच, गाडी आपल्या वजनावर उभी असतानाच आवळले. वर उचलून आवळले असते तर खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहिलं असतं आणि काही महिन्यांत फाटलं असतं. शेवटी लॉकनट घट्ट करून नट आणि दांडा यांच्यावरून पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ ओढली. नट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते.