पार्श्वभूमी: रिअल-टाइम पॅच, लिनक्सचा कर्नल आणि उद्यमबागेतली एक लेथ

बेळगावच्या उद्यमबागेत एका शेडमध्ये जुनी सीएनसी लेथ आहे. मूळचा कंट्रोलर मेल्यावर २०१२ साली तिला साधा पीसी लावला, त्यावर लिनक्ससीएनसी हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर. पीसी सुरू होताना पडद्यावर आजही कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, नाव येतं: २.६.३२-१२२-आरटीएआय. मदरबोर्डवरचे दोन कपॅसिटर फुगलेत, पॅरलल पोर्टची केबल टेपने बांधलीय. नव्या पीसीचा विषय काढला की मालकांचं उत्तर ठरलेलं. "चालालंय न्हवं? मग हात कशाला लावता?"

तिथल्या पोरांना हा भित्रेपणा वाटतो. मला वाटत नाही. कर्नलच्या नावातल्या त्या शेवटच्या शब्दामुळेच मशीन २०१०च्या आसपास अडकून पडलंय, आणि त्या अडकण्याची मुळं बरीच मागे जातात. आरटीएआय हा रिअल-टाइम पॅच: ठरलेल्या क्षणी काम झालंच पाहिजे, यासाठी लिनक्सच्या कोडला बाहेरून लावलेला जोड.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये आरटीलिनक्स तयार झालं. खाली एक छोटा रिअल-टाइम कर्नल, आणि अख्खं लिनक्स त्याच्या लेखी सगळ्यात शेवटी करायचं काम. लिनक्सने इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला हातातलं काम सोडायला लावणारे इशारे, बंद केले तरी ते खरे बंद होत नाहीत, नुसती नोंद होते. खालचा कर्नल आपलं उरकतो आणि मग लिनक्सला कळवतो. या युक्तीवर १९९९ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं आणि कुरबुरी सुरू झाल्या. मिलानच्या आरटीएआयची वाटही तीच होती, पण पेटंटच्या सावलीतून सुटायला त्यांनी पुढे एडिऑस नावाचा मधला थर घेतला. झेनोमाय हा त्याच जातीचा आणखी एक प्रकल्प काही काळ आरटीएआयबरोबर एकत्र नांदलं आणि २००५ मध्ये त्याने वेगळी चूल मांडली.

हे सगळं चालायचं मात्र झकास. स्टेपर मोटर थेट पॅरलल पोर्टवरून फिरवायची तर दर २५ ते ५० मायक्रोसेकंदांनी पिनकडे बघावं लागतं. पल्स उशिरा गेला की मोटर स्टेप चुकते, आणि मशीनला ते कळतही नाही. कळतं ते जॉब मोजल्यावर. म्हणून नवा पीसी आणला की आम्ही आधी लेटन्सी टेस्ट, म्हणजे उशीर मोजायची चाचणी, लावायचो. पडद्यावर तीन रंगीत चाकं फिरत ठेवायची, मोठी फाइल कॉपीला लावायची, खिडक्या इकडून तिकडे ओढायच्या आणि जेवायला जायचं. परत आल्यावर सगळ्यात मोठा आकडा आठ-नऊ हजार नॅनोसेकंद, म्हणजे आठ-नऊ मायक्रोसेकंद, असेल तर पीसी पास. एका पीसीवर दिवसभर असाच आकडा होता आणि संध्याकाळी एकदम दीड लाखाच्या वर गेला. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये, यूएसबी लेगसी सपोर्ट चालू राहिला होता. तो काम करतो तेव्हा प्रोसेसर कुणालाच न विचारता फर्मवेअरकडे जातो, मग खालचा कर्नल असो की वरचा, दोघांनाही पत्ता नसतो.

दोन कर्नलच्या या संसाराची किंमत दुसरीकडे मोजावी लागे. लिनक्सची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. इंटरप्ट हाताळणारा कोड प्रत्येक वेळी थोडा हलतो, आणि बाहेरचा पॅच तर नेमका तिथेच शिवलेला. तो उसवून नव्या अंगाला पुन्हा बसवायचा, तेही हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या माणसांनी. साहजिकच आरटीएआय ठरावीक कर्नलवरच यायचं आणि बाकीचे वगळायचं. नव्या मदरबोर्डच्या नेटवर्क चिपला २.६.३२ ओळखत नाही, म्हणून मदरबोर्डही जुनाच शोधायचा.

दुसरी वाट २००४ मध्ये सुरू झाली. खाली काही घालायचं नाही, लिनक्सलाच आतून असं बदलायचं की जवळजवळ कुठल्याही क्षणी त्याच्या हातातलं काम थांबवून तातडीचं काम पुढे घेता येईल. हाच प्रीएम्प्ट-आरटी. दोन कर्नलवाल्यांचं म्हणणं असं की छोट्या कर्नलची खात्री देता येते, कोट्यवधी ओळींच्या कर्नलची कशी देणार? मुद्दा रास्तच आहे. तरी प्रीएम्प्ट-आरटीचे तुकडे एकेक करून मुख्य कर्नलमध्ये जात राहिले: २००६ मध्ये सूक्ष्म टायमर आणि अग्रक्रम उसना देणारी कुलपं (कुलूप म्हणजे एका वेळी एकाच कामाला आत सोडणारी सोय), २००९ मध्ये थ्रेडमध्ये, म्हणजे इतर कामांसारखे रांगेत, चालणारे इंटरप्ट. रिअल-टाइम हवंच असं नाही अशांनाही त्याचा फायदा झाला. माझ्या मते ही वाट टिकली ती यामुळेच.

खरा गुंता झाला एका शब्दाचा. स्पिनलॉक, कुलपाचाच एक प्रकार.

तिसऱ्या रेल्वे गेटवर पूल व्हायच्या आधी ज्यांनी रोज उद्यमबाग गाठली त्यांना उदाहरण द्यायची गरज नाही. गेट पडलं की काहीजण गाडी चालूच ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पिळत जागेवर थांबत. काहीजण इंजिन बंद करून गाडी कडेला घेत, म्हणजे मागच्या अँब्युलन्सला वळून दुसऱ्या गेटकडे जाता येई. स्पिनलॉक हा पहिल्या जातीचा. कुलूप सुटेपर्यंत प्रोसेसर जागच्या जागी घिरट्या घालतो. शिवाय साध्या कर्नलमध्ये ज्याच्या हातात कुलूप आहे त्यालाही बाजूला काढता येत नाही, आणि उशीर होतो तो तिथेच.

प्रीएम्प्ट-आरटीने काय केलं? नाव स्पिनलॉकच ठेवलं आणि आतला माल बदलला. आरटी कर्नलमध्ये स्पिनलॉकची वाट बघणारं काम चक्क झोपतं, आणि ज्याच्या हातात कुलूप आहे त्यालाही थांबवता येतं. कुठलं काम कधी चालवायचं ते ठरवणाऱ्या शेड्युलरच्या पोटातल्यासारख्या मोजक्या जागी खरोखर घिरट्या घालाव्याच लागतात. त्यांच्यासाठी 'रॉ स्पिनलॉक' असं वेगळं नाव पाडलं. पण रॉ हे नाव आधीच प्रोसेसरच्या पातळीवरच्या कुलपाने अडवलं होतं. मग त्याला 'आर्च' म्हटलं, रॉ मोकळं केलं, आणि २०१० च्या सुरुवातीला २.६.३३ मध्ये ही अदलाबदल मुख्य कर्नलमध्ये पक्की झाली. आज एका घरात तीन नावं आहेत, आणि ज्याच्या नावात नुसतंच स्पिन आहे ते आरटीवर स्पिन होत नाही.

याने किती डोकी फिरली असतील! माझं तरी फिरलं. २०१३ मध्ये एका इनपुट कार्डाच्या छोट्या ड्रायव्हरमध्ये मी आधी इंटरप्ट बंद करून मग स्पिनलॉक घेतला होता. साध्या कर्नलवर मक्खन. आरटीवर टाकल्याबरोबर लॉगमध्ये तक्रारींची रांग लागली: नको त्या ठिकाणी झोपणारं फंक्शन बोलावलंय. झोपणारं? मी तर स्पिनलॉक घेतलाय! दोन संध्याकाळी गेल्या. नावाची ही खोटी पाटी टाळता आली असती, असं तेव्हा वाटायचं. पण स्पिनलॉकचे वापर हजारोंनी आणि खरोखर घिरट्या हव्यात अशा जागा त्यामानाने थोड्या. थोड्यांचं नाव बदललं म्हणून काम झालं. हजारोंचं बदलायला निघाले असते तर मुख्य कर्नलवाल्यांनी दारातूनच परत पाठवलं असतं.

त्यानंतर पैशाची रड आली. २०१४ मध्ये मुख्य देखभालकर्त्यानेच सांगून टाकलं की निधीअभावी यापुढे हे काम हौसेपुरतं राहील. जगभरातली यंत्रं यावर चालत होती आणि खिशात हात घालायला कुणी तयार नव्हतं. आम्हीही नाही. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये काही कंपन्यांनी मिळून निधी उभा केला तेव्हा गाडी पुढे सरकली. २०१९ मध्ये कर्नल ५.३ मध्ये नुसता पर्यायाचा खिळा ठोकला गेला, २०२१ च्या ५.१५ मध्ये कुलपांचा मोठा भाग आला. शेवटी अडलं ते कन्सोलवर संदेश छापण्यापाशी. कर्नल कोसळताना निरोप छापलाच पाहिजे, पण छापताना बाकीच्यांना ताटकळत ठेवायचं नाही, यातच काही वर्षं गेली. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये व्हिएन्नात मुख्य कर्नलच्या प्रमुखाच्या हातात हे काम आत घेण्याच्या विनंतीचा छापील कागद सोनेरी वेष्टनात ठेवला गेला, आणि १७ नोव्हेंबरला आलेल्या ६.१२ मध्ये प्रीएम्प्ट-आरटी बाहेरच्या पॅचशिवाय मिळू लागला. पर्याय निवडून कर्नल बांधावा मात्र लागतो. आपोआप काही होत नाही. आणि त्याने पीसी वेगवान होत नाही, उलट एकूण काम जरा कमीच उरकतं.

लिनक्ससीएनसीने २०१५ च्या २.७ आवृत्तीपासून ही वाट धरली होती. लेटन्सीचे आकडे आरटीएआयएवढे देखणे येत नाहीत. पण नव्या पीसीला पॅरलल पोर्टच नसतो. पल्स बाहेरचं कार्ड काढतं, इथरनेटवरून, आणि पीसीला एक मिलिसेकंदाची वेळ पाळली की पुरतं. तेवढं प्रीएम्प्ट-आरटीला आरामात जमतं.

मालकांना हे सगळं सांगून झालंय. त्यांनी कार्डाची किंमत विचारली, मान हलवली आणि मला आतल्या कपाटाकडे नेलं. बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरून आणलेले पॅरलल पोर्टवाले तीन मदरबोर्ड, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. एकावर मार्करने लिहिलं होतं: टेस्ट ओके, ९२००.