पुढची गाडी ठरवताना : मॉडेल शेवटी, हिशेब आधी

हे माहितीपत्रक हातात घेईपर्यंत तुमच्या मनात दोन-तीन मॉडेल पक्की झालेली असतात. ती राहू द्या. पण आमच्याकडे सल्ल्याला येताना सध्याच्या गाडीच्या सर्व्हिसिंगची शेवटची दोन बिलं घेऊन या. दोन्हींवर तारीख आणि किलोमीटर छापलेले असतात. वजाबाकी केली की महिन्याचं रनिंग कळतं. तोंडी विचारलं तर "हजार-बाराशे होत असेल" म्हणतात आणि बिलावर सहाशे निघतं. कोणतं इंधन, कर्ज किती वर्षांचं, लीज (गाडी विकत न घेता काही वर्षं भाड्याने घेणं) परवडेल का, हे सगळं त्या एका आकड्यावर ठरतं.

त्याच्या जोडीला तीन गोष्टी लिहून आणा : एका खेपेला गाडी सलग किती किलोमीटर चालते, ती किती वर्षं ठेवणार, आणि रात्री उभी कुठे राहते. शेवटचा प्रश्न ऐकून लोक हसतात. पण पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत यांत्रिक स्टॅक पार्किंग असेल तर पाटीवर उंची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते. उंच एसयूव्ही किंवा बॅटरीमुळे जड झालेली इलेक्ट्रिक गाडी त्यात बसत नाही, हे डिलिव्हरीच्या दिवशी कळून उपयोग नाही. पाटीचा फोटो काढून आणा.

पेट्रोल, सीएनजी, डिझेल की बॅटरी

पंपावरचे भाव बदलत राहतात, म्हणून रीत समजून घ्या आणि त्या दिवशीचे आकडे तुम्ही घाला. समजा पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि शहरात गाडी १६ चा ॲव्हरेज देते, तर किलोमीटरला ६.५० रुपये पडले. सीएनजी ९० रुपये किलो आणि किलोला २४ किलोमीटर धरले तर ३.७५. फरक २.७५ रुपये. सीएनजी मॉडेल ९५,००० रुपयांनी महाग असेल तर ते पैसे सुमारे ३४,५०० किलोमीटरनंतर फिटतात. महिन्याला दीड हजार रनिंग असेल तर दोन वर्षं पुरतात, सहाशे असेल तर पावणेपाच. चार वर्षांत गाडी बदलणाऱ्याने ६०० रनिंगवर सीएनजी घेणं म्हणजे डिकीही गेली आणि पैसेही.

डिकीचं खरंच बघा. ६० लिटरची एकच टाकी आडवी बसवली की दोन बॅगा कशाबशा राहतात. ३०-३० लिटरच्या दोन टाक्या मजल्याखाली असल्या तर बरीच जागा वाचते. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने केलेली तपासणी) दर ३ वर्षांनी करावी लागते. तारीख टाकीवरच्या पट्टीवर असते आणि ती उलटून गेली तर पंपावर गॅस नाकारू शकतात. बाहेरून किट बसवलं असेल तर आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) इंधनाची नोंद 'पेट्रोल/सीएनजी' अशी झालेली हवी आणि विमा कंपनीलाही कळवलेलं हवं. नाहीतर क्लेमच्या वेळी तेच कारण पुढे येतं. गॅसवरच गाडी पळवणाऱ्यांनी महिन्यातून ५०-६० किलोमीटर पेट्रोलवर चालवावी आणि पाव टाकी पेट्रोल कायम ठेवावं. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो, आणि नुसतं पडून राहिलेलं पेट्रोल इंजेक्टर खराब करतं.

डिझेलचा हिशेब आता फक्त ॲव्हरेजचा राहिलेला नाही. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ (प्रदूषणाचा कडक निकष पाळणाऱ्या) डिझेल गाड्यांत धूर गाळणारा डीपीएफ असतो. त्यात साठलेली काजळी जाळायला गाडी ठरावीक वेगाने १५-२० मिनिटं सलग पळावी लागते. घर ते ऑफिस ४ किलोमीटर, तेही सिग्नल मोजत, असं रोजचं असेल तर काजळी जळतच नाही. आधी डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो दुर्लक्षिला की गाडीचा दम जातो. मध्येच अर्धवट राहिलेल्या जाळणीतलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी चक्क वाढलेली दिसते. वाढलेलं ऑइल बघून खूश होऊ नका. आठवड्यातून एकदा तरी हायवेवर लांब खेप होत नसेल तर आम्ही डिझेल सुचवत नाही.

इलेक्ट्रिकमध्ये जाहिरातीतली रेंज बाजूला ठेवा. बॅटरी किती युनिटची आहे ते विचारा. ३० युनिटची असेल तर १० ते ९० टक्के असा वापर धरून हाताशी २४ युनिट येतात. एक्सप्रेसवेवर शंभरच्या वेगाने मध्यम आकाराची गाडी १०० किलोमीटरला १६ युनिट खाते, म्हणजे १५० किलोमीटर. शहरात तीच गाडी १३ युनिटमध्ये भागवते आणि १८०च्या पुढे जाते. बोरघाट चढताना आकडा भराभर उतरतो, खाली उतरताना थोडा परत मिळतो. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर तासाला साधारण ३ युनिट भरतात, म्हणजे रिकामी बॅटरी रात्रभरात भरते. ७.२ किलोवॅटचा चार्जर लावायचा तर महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागू शकतो आणि मीटरपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र केबल ओढावी लागते. तिची लांबी आधी मोजा. तळमजल्यावरचं मीटर आणि दुसऱ्या बेसमेंटमधलं पार्किंग यात कधीकधी ७०-८० मीटरचं अंतर निघतं आणि चार्जरपेक्षा केबल महाग पडते. सोसायटीची लेखी परवानगी बुकिंगच्या आधी घ्या.

गिअरबॉक्सबद्दल थोडक्यात. एएमटी म्हणजे मॅन्युअलच, फक्त क्लच दाबणं आणि गिअर बदलणं यंत्र करतं. चढावर ट्रॅफिकमध्ये ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी धरून ठेवली तर क्लच तसाच जळतो, म्हणून ब्रेक दाबून उभे राहा. ड्राय डीसीटी (तेलाशिवाय चालणाऱ्या दोन क्लचचा ऑटोमॅटिक) घाटातल्या रांगत्या ट्रॅफिकमध्ये तापतो. रोज तसाच रस्ता असेल तर टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून ताकद पोचवणारा) किंवा सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा) ऑटोमॅटिक बघा.

किंमत आणि कर्ज

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे टप्पे सोपे झाले. ४ मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल-सीएनजी किंवा १५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी १८ टक्क्यांत, त्यावरच्या गाड्या ४० टक्क्यांत, इलेक्ट्रिक ५ टक्क्यांत. बाजारात इतक्या गाड्यांची लांबी ३,९९५ मिलिमीटर का आणि पाठीमागून त्या कापल्यासारख्या का दिसतात, याचं उत्तर इथेच आहे.

महाराष्ट्रात रोड टॅक्स खासगी मालकाला पेट्रोलसाठी १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२, त्यावर १३. डिझेलला प्रत्येक टप्प्यात २ टक्के जास्त. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर थेट २० टक्के. टप्पा ओलांडला की वाढीव दर पूर्ण किमतीला लागतो, हे ध्यानात घ्या. ९.९५ लाखांच्या पेट्रोल गाडीला १,०९,४५० रुपये टॅक्स, १०.०५ लाखांच्या गाडीला १,२०,६००. वर १० लाखांपुढे १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला आयकर). तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, पण आज खिशातून जातो. एका सनरूफपायी वरचं व्हेरियंट घेताना हा फरक कोटेशनवर पेनाने लिहून बघा.

कोटेशनमध्ये 'हँडलिंग' किंवा 'लॉजिस्टिक' नावाची ओळ दिसली तर ती काढायला सांगा. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते. बाहेरून कोटेशन आणून दाखवलं की त्यांचा भावही खाली येतो.

कर्जात एकच प्रश्न विचारा : दर फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर व्याज) की रिड्युसिंग (फक्त उरलेल्या रकमेवर व्याज)? ८ लाखांवर ७ टक्के फ्लॅट, ५ वर्षं, म्हणजे २.८० लाख व्याज आणि १८,००० हप्ता. ऐकायला ७, पण रिड्युसिंगमध्ये हा दर साडेबारा टक्क्यांच्या घरात जातो. तेच ८ लाख ९ टक्के रिड्युसिंगने घेतले तर हप्ता १६,६०७. मुदत ७ वर्षं केली की हप्ता १२,८७१ पर्यंत उतरतो, पण व्याज सुमारे ८५,००० रुपयांनी वाढतं आणि पाचव्या वर्षी गाडी विकायची म्हटलं तरी बँकेचा बोजा शिल्लक असतो.

लीज कोणाला जमते

दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्याला किंवा भाडं धंद्याच्या खर्चात दाखवता येणाऱ्याला लीज सोयीची. बाकीच्यांनी असा हिशेब करावा : १२ लाखांची गाडी, १० लाख कर्ज ९ टक्क्यांनी, ४ वर्षांनी ६ लाखांना विकली. घसारा ६ लाख, व्याज १.९४ लाख, पुढच्या तीन वर्षांचा विमा अंदाजे ९०,०००, सर्व्हिसिंग आणि टायर ६०,०००. बेरीज ९.४४ लाख, ४८ महिन्यांनी भागली की महिन्याला साधारण १९,७००. जीएसटी धरून लीजचं भाडं याच्या आसपास असेल तर पुढचं बोलू.

करारात वर्षाची किलोमीटर मर्यादा, त्यापुढे दर किलोमीटरला दंड, मुदतीआधी परत केल्यास किती महिन्यांचं भाडं कापतात आणि बंपरवरचा ओरखडा 'नेहमीची झीज' धरतात की नुकसान, एवढं शोधा. एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. जुन्या गाडीवर तुम्ही ५० टक्क्यांपर्यंत मिळवलेला नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) गाडीचा नसून तुमचा असतो आणि तो प्रमाणपत्र घेऊन राखून ठेवता येतो, पण फक्त ३ वर्षं. लीजवरच्या गाडीचा विमा लीज कंपनीच्या नावावर असला तर तो बोनस तिथे वापरता येत नाही, आणि ४ वर्षांची लीज संपेपर्यंत तो बुडालेला असतो.

जुनी गाडी घेत असाल तर

आमचा निम्मा वेळ इथेच जातो, कारण फसवणूकही इथेच होते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पाणी शिरलं. अशा पुरात बुडालेल्या गाड्या विमा कंपन्या 'टोटल लॉस' (दुरुस्तीपलीकडे गेलेल्या) ठरवून लिलावात काढतात. धुऊन, सीट कव्हर बदलून त्या लांबच्या शहरात विक्रीला येतात. ओळखायला यंत्र लागत नाही. चारही सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. रोज वापरात न येणारा, रीळात गुंडाळलेला शेवटचा हातभर पट्टा बघा. धुणारा तिथपर्यंत पोचत नाही आणि गाळाची पिवळट रेघ तशीच राहते. मग सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, कार्पेटखालचा फोम दाबल्यावर माती येते का, स्टेपनीच्या खड्ड्यात काय आहे, फ्यूज बॉक्समध्ये पितळी टोकांवर हिरवट थर आहे का ते बघा. आत अत्तराचा भपकारा असेल तर कार्पेट आधी उचला.

अपघाताची गाडी रंगाच्या जाडीवरून कळते. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन भरतो. २००-३०० म्हणजे पुन्हा रंगवलेली, ५००च्या पुढे म्हणजे खाली पुट्टी. नुसता दरवाजा किंवा बंपर रंगवलेला असेल तर भाव पाडा आणि घ्या. रंगकाम पिलर, छत किंवा बॉनेटखालच्या ॲप्रनवर (इंजिनच्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर) असेल तर सोडून द्या. फेंडरच्या बोल्टवरचा रंग पान्याने खरवडलेला दिसला की तिथे काहीतरी उघडलं गेलंय.

मीटर मागे फिरवल्याचा संशय असेल तर टायर वाचा. बाजूला चार अंकी आकडा असतो. '२३२२' म्हणजे २०२२ सालचा २३वा आठवडा. गाडी २०१९ ची, मीटरवर ३२,००० आणि चारही टायर २०२२ चे, तर पहिला सेट एवढ्यात कसा झिजला हे विक्रेत्याला विचारा. मग नोंदणी क्रमांकावरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद काढा.

दिल्लीकडून आलेल्या स्वस्त गाड्यांचा मोह फार जणांना होतो. तिथे १० वर्षांपुढच्या डिझेल आणि १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून त्या इकडे येत राहिल्या. भावात फॉर्म २८ ची एनओसी (मूळ आरटीओचा ना-हरकत दाखला), महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नवा क्रमांक धरलेला आहे का ते आधी विचारा. बहुतेक वेळा नसतो.

कागदांत मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, आणि गाडीवर कर्ज होतं तर बँकेच्या एनओसीसह आरसीवरचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हवा. सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर बोजा, ई-चलन आणि आधी किती मालक झाले ते दिसतं. व्यवहारानंतर विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर करून घ्या. विकणाऱ्याचा बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागते. त्याने जुना फास्टॅग बंद केल्याशिवाय नवा निघत नाही. आरसीवर नाव चढेपर्यंत थोडी रक्कम हातात ठेवा आणि तसं साठेखतात लिहून घ्या.

नवी गाडी ताब्यात घेण्याआधी

तपासणी नोंदणीच्या आधी करा. एकदा नंबर पडला की ती गाडी तुमची, दोषांसकट. दिवसाउजेडी, धुतलेली आणि कोरडी असताना बघा. चॅसिस आणि इंजिन क्रमांक इन्व्हॉइसशी अंकन्अंक जुळवा, उत्पादनाचा महिना विचारा, पाचही टायरच्या तारखा आणि सगळ्या काचांवरचे शिक्के एकमेकांशी जुळतात का बघा. पार्किंगमध्ये पाचसहा महिने उभ्या राहिलेल्या गाडीची १२ व्होल्टची बॅटरी अशक्त झालेली असते. इंजिन बंद असताना १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर बदलून मागा. एक्स्टेंडेड वॉरंटी त्याच दिवशी घ्यायला हवी असं नाही. मूळ वॉरंटी संपण्याआधी घेता येते, फक्त उशिरा महाग पडते का ते विचारून ठेवा.

जुनी गाडी आमच्याकडे तपासणीला आणायची असेल तर सकाळची वेळ घ्या आणि विक्रेत्याला सांगा की गाडी आदल्या रात्रीपासून चालू करायची नाही. थंड इंजिनचा पहिला स्टार्ट, त्या वेळचा आवाज आणि धूर गरम इंजिनमध्ये लपतो. बॉनेटला हात लावून ते गरम लागलं तर आम्ही त्या दिवशी तपासणी करत नाही, दुसरी वेळ देतो.