सामूहिक वनहक्क

गावाच्या पारंपरिक हद्दीतल्या जंगलाचा वापर, राखण आणि व्यवस्थापन करण्याचा ग्रामसभेचा कायदेशीर हक्क. ‘अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, 2006’ या कायद्याने तो मान्य केला. हा हक्क कायदा नव्याने देत नाही; पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या वहिवाटीवर शिक्कामोर्तब करतो. पूर्वी विदर्भात निस्तार नावाच्या जुन्या व्यवस्थेखाली घरापुरते लाकूड, जळण मिळे, पण ती सवलत होती, सरकारच्या मर्जीवरची.

दावा ग्रामसभा करते, तिची वनहक्क समिती पडताळणी करते, पुढे उपविभागीय व जिल्हास्तरीय समित्या. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाबही पुरावा म्हणून चालतो. ज्यांच्याकडे कागद कधीच नव्हता, त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

1927च्या भारतीय वन अधिनियमात बांबू ‘झाड’ होता, त्यामुळे तो विकण्याचा अधिकार वनविभागाकडे. नव्या कायद्याने तो गौण वनोपजात, म्हणजे गावाला गोळा करून विकता येणाऱ्या लाकडाखेरीजच्या वनउत्पन्नात आणला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर हक्क मिळाला, तरी वाहतूक परवान्यावाचून बांबू गावाबाहेर काढता येईना. परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले ते 27 एप्रिल 2011 रोजी. विकण्याची मुभा नसेल तर हक्काने चूल पेटत नाही.

राखण आणि रोजगार यांचा खरा पेच दिसतो तो विड्यांसाठी लागणाऱ्या तेंदूपत्त्यात. मे महिन्यात माणसे पहाटेच रानात जातात, उन्हे चढली की ओझी घेऊन परततात आणि सगळे घर सावलीला पुडे बांधत बसते. सत्तर पानांचा एक पुडा. संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. पेरणीच्या तोंडावर हाती येणारा रोख पैसा बहुतेक हाच. पण कोवळी पाने फुटावीत म्हणून झुडपे छाटतात, कुठे आगही लावतात. ती आग पसरली की मोहाची, ऐनाची लहान रोपे करपतात. हंगामापुरत्या आलेल्या ठेकेदाराला त्याचे काय! गावाला मात्र त्याच मोहाखाली पुढच्या उन्हाळ्यात फुले वेचायची असतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने हा हिशेब मांडला आणि तेंदू तोडणे बंद केले. पाने झाडावरच राहू लागली, गावाची मिळकत बांबूवर आली.