बाओझी: वाफ, फेस आणि पाण्याचा हिशेब

चीनमधील तिआनजिन शहरात १८५८ साली सुरू झालेले 'गोबुली' हे दुकान डुकराच्या मांसाच्या बाओझींसाठी, म्हणजे सारण भरून वाफवलेल्या मैद्याच्या गोळ्यांसाठी, प्रसिद्ध आहे. तिथल्या बाओझीला किमान अठरा चुण्या हव्यात, या संकेताचे कौतुक फार होते. परंतु दुकानाचे संस्थापक गाओ ग्वेयोऊ यांच्या नावावर जमा असलेली खरी करामत चुण्यांची नाही. त्यांनी सारणात पाणी मुरवले आणि पारीचे पीठ अर्धेच आंबवले. फुगलेले पीठ म्हणजे हवेच्या सूक्ष्म बुडबुड्यांचा घट्ट फेस असतो आणि रसाळ सारणातून सुटणारे पाणी व चरबी हा फेस शोषून घेतो. तेव्हा सारण जितके ओले, तितका फेस कमी, हे त्यामागचे गणित आहे. शांघायकडच्या श्याओलुंगबाओत तर वाफवल्यावर चक्क सूप असते, म्हणून तिची पारी बहुधा आंबवतच नाहीत. याउलट ग्वांगडोंग-हाँगकाँगच्या चारसिउ बाओमध्ये भाजलेल्या मांसाचे तुकडे स्टार्चने दाट केलेल्या सॉसमध्ये घोळवलेले असतात. तिथले पाणी आधीच बांधलेले असल्यामुळे पीठ मनसोक्त फुगवता येते, इतके की वरचे तोंड उलून उघडते. घरी बाओझी करणाऱ्याने पाककृतीतील चमचे मोजण्याआधी आपण या तिन्हींपैकी कोणत्या वाटेने चाललो आहोत हे ठरवावे. पुढील विवेचन तिआनजिनच्या, म्हणजे मधल्या वाटेचे आहे.

पिठासाठी साधा मैदा उत्तम. पावाच्या मैद्यात प्रथिने १२ ते १३ टक्के असतात, बाओझीला ९ ते ११ टक्के पुरतात. या प्रथिनांचे, म्हणजे ग्लुटेनचे, जाळे फार बळकट झाले तर लाटलेली पारी आखडते आणि वाफवलेली चिवट लागते. ३०० ग्रॅम मैद्याला १५० ते १५५ मिलिलिटर पाणी, ३ ग्रॅम कोरडे यीस्ट, चमचाभर साखर आणि थोडे तेल हे प्रमाण चांगले जमते. पावाच्या मानाने हे पीठ बरेच घट्ट असते आणि ते तसेच असायला हवे, कारण बाओझीला ना साच्याचा आधार असतो, ना कडक कवचाचा. सैल पीठ वाफेत पसरून चपटे होते.

सारणातले काम अधिक रंजक आहे. साधारण ३० टक्के चरबी असलेला, खांद्याच्या मांसाचा ३०० ग्रॅम थंडगार खिमा घ्यावा आणि प्रथम त्यात मीठ व सोया सॉस घालावा. स्नायूंमधील मायोसिन हे प्रथिन नुसत्या पाण्यात फारसे विरघळत नाही, खारट पाण्यात मात्र ते तंतूंमधून सुटून बाहेर येते. मग आले आणि कांद्याची पात भिजवलेले सुमारे ६० मिलिलिटर पाणी एकेक चमचा घालून खिमा जोरात घोटत राहावे. सुरुवातीला पाणी भांड्याच्या कडेला वेगळे दिसते आणि खिमा चमच्याभोवती नुसता घसरत राहतो. काही मिनिटांनी त्याचा रंग फिकट होतो, तो भांड्याला चिकटू लागतो आणि चमचा वर उचलला की त्यामागे तंतू ओढले जातात. हा चिकटपणा म्हणजे सुटलेले मायोसिन. शिजताना त्याचे जाळे थिजते आणि घातलेले पाणी त्यात अडकून राहते. खिमा नेहमी एकाच दिशेने घोटावा असे चिनी स्वयंपाकी आवर्जून सांगतात. माझ्या मते दिशेपेक्षा न थांबता घोटण्याला आणि खिमा थंड राखण्याला महत्त्व अधिक आहे, कारण चरबी कोमट होऊन पसरली की मांसाच्या कणांवर तिचा लेप बसतो आणि पाणी मुरत नाही. तिळाचे तेल याच कारणासाठी शेवटी घालतात. चिरलेली पातही शेवटीच, अन्यथा मिठामुळे तिला पाणी सुटते. आल्याचा रस घालून खिमा रात्रभर ठेवू नये. आल्यातील झिंजिबेन हे विकर (एन्झाइम) प्रथिने तोडते आणि सारणाचा लगदा होतो.

पारी लाटताना मध्यभाग जाड आणि कडा पातळ ठेवाव्यात. ४० ग्रॅमच्या पारीत २५ ग्रॅम सारण भरून उकडीच्या मोदकाला पाडतो तशा कळ्या पाडत तोंड मिटवावे, फक्त वर टोक काढू नये. भरलेल्या बाओझी आणखी वीस-तीस मिनिटे फुगू द्याव्यात. त्या दुप्पट व्हायची वाट पाहू नये, दीडपट पुरे. हातात घेतल्यावर हलक्या लागतात आणि बोटाने हलकेच दाबलेला खळगा सावकाश भरून येतो, तेव्हा त्या तयार झाल्या असे समजावे.

आता वाफ. १ ग्रॅम उकळते पाणी १०० अंशांवरून ४० अंशांवर येताना जेमतेम ६० कॅलरी उष्णता देते, पण १ ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी अप्रकट उष्मा मोकळा होतो. थंड पिठाचा स्पर्श होताच वाफ त्यावर जमते आणि ही सारी उष्णता पृष्ठभागाला देऊन टाकते. म्हणूनच भट्टीच्या निम्म्या तापमानातही बाओझी बारा ते पंधरा मिनिटांत शिजते. पीठ तापत असताना बुडबुडे प्रसरण पावतात, साठ अंशांच्या आसपास यीस्ट मरते, स्टार्च पाणी शोषून फुगू लागते आणि पुढे ७० ते ८० अंशांच्या टप्प्यात ग्लुटेन कायमचे घट्ट होते. पृष्ठभाग १०० अंशांपलीकडे जात नाही व सतत ओला राहतो, त्यामुळे पावासारखा तांबूस रंग येत नाही. सारणाच्या मध्यभागी ७१ अंश गाठले गेले पाहिजेत. डुकराच्या मांसातून येऊ शकणाऱ्या परजीवींचा आणि जिवाणूंचा विचार करता यात तडजोड नको.

सर्वाधिक निराशा होते ती झाकण उघडल्यावर. टम्म फुगलेली बाओझी डोळ्यांदेखत सुरकुतून बसते आणि दोष यीस्टला दिला जातो. वास्तविक गरम बाओझीच्या बुडबुड्यांत हवेपेक्षा पाण्याची वाफच जास्त असते. शंभर अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका, म्हणजे एक वातावरण, असतो, तो तीस अंशांना त्याच्या सुमारे चोविसाव्या भागापर्यंत उतरतो. झाकण एकदम काढले की बाहेरचा थर झपाट्याने थंड होतो, आतल्या वाफेचे पाणी होते आणि बाहेरची हवा आत शिरण्यापूर्वीच बुडबुड्यांच्या भिंती आत ओढल्या जातात. भिंती भक्कम असतील तर त्या टिकतात, पण अति फुगवलेल्या पिठात त्या ताणून इतक्या पातळ झालेल्या असतात की तग धरत नाहीत. उपाय सोपा आहे: आच बंद करून झाकण किंचित सरकवावे आणि तीन ते पाच मिनिटे हात लावू नये.

दुसरा शत्रू झाकणावरून टपकणारे थेंब. बांबूच्या करंडीचे झाकण ओल शोषते आणि जादा वाफ बाहेर जाऊ देते. आपल्या मोदकपात्राचे धातूचे झाकण यातले काहीच करत नाही, म्हणून त्याला आतून कोरडे सुती फडके बांधावे. थेंब पडलेल्या जागी काचेसारखा अर्धपारदर्शक, कडक डाग उमटतो. बाओझीचा शुभ्रपणा मुख्यतः प्रकाश असंख्य बुडबुड्यांवरून विखुरल्यामुळे दिसतो. पाण्याने फेस मोडला की विखुरणे थांबते आणि पिठाचा मूळ करडेपणा उघडा पडतो. सारणाची चरबी पारीत झिरपली तरी असाच डाग आतून दिसतो. दुकानातल्या पांढऱ्याशुभ्र बाओझीशी मात्र स्पर्धा करू नये. मैद्यात ल्युटीनसारखी पिवळसर रंगद्रव्ये निसर्गतःच असतात. ती घालवण्यासाठी चीनमध्ये बेंझॉइल पेरॉक्साइड वापरले जाई, त्यावर तेथील सरकारने मे २०११ पासून बंदी घातली. घरी भरपूर मळले तरी हवेतील ऑक्सिजन आणि मैद्यातीलच विकरे मिळून रंग थोडा उजळवतात.

उरलेल्या बाओझी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवू नयेत. गोठणबिंदूच्या जरा वरच्या तापमानाला स्टार्चचे रेणू सर्वांत वेगाने पुन्हा एकमेकांना चिकटून बसतात आणि पारी वातड होते. पूर्ण निवल्यावर त्या थेट फ्रीझरमध्ये टाकाव्यात आणि खायच्या वेळी न वितळवता, आतपर्यंत कडकडीत गरम होईपर्यंत वाफवाव्यात.