व्हिडिओ गेम गुणांकन

व्हिडिओ गेमच्या समीक्षेअखेर समीक्षकाने दिलेला आकडा, तारे किंवा अक्षरश्रेणी, तसेच अशा अनेक निवाड्यांवरून संकलक संकेतस्थळांनी काढलेली सरासरी, या दोहोंना गेमचे गुणांकन म्हणतात. चित्रपट कुठल्याही पडद्यावर तोच असतो. गेम मात्र पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विच अशा प्रत्येक यंत्रासाठी नव्याने बसवावा लागतो आणि दर वेळी काहीतरी सुटते किंवा नव्याने मिळते. त्यामुळे एकाच गेमचे गुण यंत्रागणिक बदलतात. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’ला २००८ साली मेटाक्रिटिक या संकलक संकेतस्थळावर प्लेस्टेशन ३ व एक्सबॉक्स ३६० या दोन्ही कन्सोलांसाठी (केवळ गेमसाठी बनवलेल्या यंत्रांसाठी) ९८ गुण पडले. त्याच वर्षअखेर आलेल्या पीसी आवृत्तीला ९० मिळाले.

उगम : गेमला गुण देण्याची प्रथा नेमकी कुठून आली याबाबत एकमत नाही. एका मतानुसार तिचे मूळ चित्रपट समीक्षेतील ताऱ्यांत आहे. न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ने १९२८ मध्ये चित्रपटांना तारे देण्यास प्रारंभ केला होता. दुसऱ्या मतानुसार ती ध्वनियंत्रे, कॅमेरे व गृहसंगणक यांच्या ग्राहकोपयोगी चाचण्यांमधून उतरली. जुने अंक पाहता दुसरे मत पुराव्याच्या अधिक जवळ जाते. अमेरिकेत ‘व्हिडिओ’ मासिकातील ‘आर्केड अ‍ॅली’ हे सदर (१९७८-७९ च्या सुमारास) गेम समीक्षेचा आरंभ मानले जाते, परंतु तेथे भर वर्णनावर होता. ब्रिटनमध्ये ‘कम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स’ नोव्हेंबर १९८१ मध्ये निघाले. टक्केवारीची पद्धत रूढ करण्याचे श्रेय बहुधा ‘क्रॅश’ला द्यावे लागेल. लडलो या इंग्लंडमधील लहान गावातून फेब्रुवारी १९८४ पासून निघणारे हे मासिक केवळ झेडएक्स स्पेक्ट्रम संगणकापुरते होते. त्यात साधारणतः तीन समीक्षक एकच गेम खेळत (त्यांपैकी काही शाळकरी मुले असत) आणि चित्रे, खेळण्याची सुलभता, गोडी लावण्याची शक्ती, पैशाचा मोबदला अशा रकान्यांतून एकूण टक्केवारी देत. ‘पैशाचा मोबदला’ हा रकाना चित्रपट समीक्षेत सापडत नाही. तो धुलाई यंत्राच्या चाचणीत सापडतो.

प्लॅटफॉर्मनिहाय, म्हणजे यंत्रानुसार, वेगळे गुण देण्याचा प्रघातही याच काळातला. ‘क्रॅश’च्या प्रकाशकांनीच १९८५ मध्ये कमोडोर ६४ या गृहसंगणकासाठी ‘झॅप ६४’ आणि अ‍ॅमस्ट्रॅड संगणकांसाठी ‘अ‍ॅमटिक्स’ काढले. एका यंत्राच्या मालकाला दुसऱ्या यंत्रावरच्या आवृत्तीशी कर्तव्य नसे. साहजिकच एकाच गेमला तीन मासिकांत तीन निवाडे मिळत. ही विभागणी कोणी सिद्धांत म्हणून मांडली नव्हती, मासिकांच्या बाजारपेठेने ती घडवली. जपानमध्ये १९८६ साली निघालेल्या ‘फॅमित्सू’ने (त्या वेळचे नाव ‘फॅमिकॉम त्सुशिन’) चार समीक्षकांनी प्रत्येकी १० पैकी गुण देऊन ४० पैकी बेरीज छापण्याची पद्धत रुजवली. तेथे पैकीच्या पैकी ४० गुण प्रथम १९९८ मध्ये ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम’ला मिळाले. त्यानंतरच्या नियतकालिकांविषयी विशेष सांगण्यासारखे थोडे आहे. त्यांनी मोजपट्ट्या बदलल्या, पण पद्धत तीच राहिली. आयजीएन या गेम समीक्षेच्या संकेतस्थळाने दशांशातल्या शंभर पायऱ्यांवरून २०१० मध्ये वीस पायऱ्या केल्या, २०१२ मध्ये पुन्हा शंभर आणि २०२० मध्ये पूर्णांकातल्या दहा.

संकलन व सरासरी : गेमरँकिंग्ज (१९९९) आणि मेटाक्रिटिक (२००१) या संकेतस्थळांनी विखुरलेले गुण एकत्र केले. गेमरँकिंग्जची सरासरी साधी होती. हे संकेतस्थळ डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाले. मेटाक्रिटिकची सरासरी भारित असते, म्हणजे काही प्रकाशनांच्या मताला अधिक वजन दिले जाते. कोणाचे वजन किती, हे जाहीर केलेले नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतील फुल सेल विद्यापीठाच्या एका अभ्यासकाने हे भार उलट गणिताने काढल्याचा दावा केला. तो अंदाज चुकीचा असून प्रत्यक्षातील अंतर बरेच कमी आहे, असे उत्तर मेटाक्रिटिकने दिले. भारांचा परिणाम किती होऊ शकतो हे मात्र कागदावर सहज दिसते. ९०, ८५, ८० व ६० असे चार गुण असतील तर साधी सरासरी ७८.७५ येते. ९० देणाऱ्याचे वजन दीड व ६० देणाऱ्याचे अर्धे धरले तर ८२.५ आणि उलट धरले तर ७५. चार निवाडे तेच राहिले तरी साडेसात गुणांचा फरक पडतो. समीक्षांची संख्या साठ-सत्तरच्या घरात गेली की हा फरक विरत जातो, म्हणून भारांवरचा वाद मोठ्या गेमांपेक्षा छोट्या गेमांबाबत अधिक अर्थपूर्ण आहे.

भारांहून दुर्लक्षित, पण बहुधा अधिक परिणामकारक गोष्ट म्हणजे रूपांतर. प्रत्येक निवाडा आधी शंभराच्या मापात आणावा लागतो. पाचपैकी चार तारे ८० होतात, फॅमित्सूचे ४० पैकी ३२ देखील ८० होतात. इथवर हरकत घेण्यासारखे काही नाही. अक्षरश्रेणीत मात्र ए म्हणजे १००, ए-उणे ९१, बी-अधिक ८३, बी ७५, बी-उणे ६७ आणि सी ५० अशी उतरंड लावली जाते. अमेरिकी शाळेत बी-उणे म्हणजे साधारण ८० टक्क्यांच्या आसपास. तीच श्रेणी येथे ६७ होते आणि रंग बदलते. मेटाक्रिटिकवर गेमसाठी ७५ व त्यावर हिरवा, ५० ते ७४ पिवळा व त्याखाली लाल रंग असतो. चित्रपटांना मात्र ६१ पासूनच हिरवा मिळतो. गेमसाठी पट्टी वर सरकवावी लागली, कारण गेम समीक्षक सहसा ७ ते ९ या टापूतच वावरतात आणि ५ हा आकडा ‘मध्यम’ऐवजी ‘नापास’ म्हणून वाचला जातो. तीन तारे देऊन ‘ठीक आहे, खेळून पाहा’ म्हणणारा समीक्षक यामुळे नकळत ६० गुणांचा पिवळा ठिपका देऊन बसतो.

ओपनक्रिटिक (२०१५) हे संकलक संकेतस्थळ वजन देत नाही. साध्या सरासरीसोबत किती टक्के समीक्षकांनी गेमची शिफारस केली हेही ते दाखवते. मात्र ते सर्व प्लॅटफॉर्म एकाच आकड्यात मिसळते. मेटाक्रिटिक प्रत्येक यंत्राचा रकाना स्वतंत्र ठेवते आणि किमान चार समीक्षा जमल्याशिवाय आकडा देत नाही.

प्लॅटफॉर्मनिहाय फरक कसा वाचावा : दोन रकान्यांतील एक-दोन गुणांच्या फरकाला सहसा काही अर्थ नसतो. दोन्हीकडचे समीक्षकच वेगळे असतात. बहुतेक प्रकाशने गेम एकाच यंत्रावर तपासतात आणि त्यांचा निवाडा त्याच रकान्यात जातो. मोठ्या प्रकाशनांना ज्या यंत्राची प्रत मिळाली तो रकाना भरतो, दुसऱ्यात त्या यंत्रापुरती लिहिणारी छोटी संकेतस्थळे उरतात. एका रकान्यात साठ समीक्षा व सरासरी ८५ असेल तर त्यांपैकी एखाद्याने ८५ ऐवजी दिलेले ४० गुण ती ८४.२५ वर आणतात. सहा समीक्षांच्या रकान्यात तोच एक निवाडा ८५ चे ७७.५ करतो. त्यामुळे आधी समीक्षांची संख्या पाहावी, मग दोन्ही रकान्यांत हजर असलेली प्रकाशने वेगळी काढून केवळ त्यांचीच तुलना करावी. अशी पाच-सहा नावे जरी सापडली, तरी ती पूर्ण सरासरीपेक्षा जास्त सांगून जातात.

फरक दहाच्या पुढे गेला तर मात्र कारण बहुधा तांत्रिक असते. कन्सोलमध्ये चित्रप्रक्रियक एकाच प्रकारचा असतो, त्यामुळे शेडर नावाचे चित्ररेखनाचे छोटे प्रोग्रॅम आधीच त्यासाठी तयार करून देता येतात. पीसीवर प्रत्येक ग्राफिक्स कार्ड व ड्रायव्हरसाठी (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी) ते खेळणाऱ्याच्या यंत्रावर तयार व्हावे लागतात. हे काम सुरुवातीला उरकले नाही तर ऐन खेळात चित्र अडखळते. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, तयार नसलेला एक शेडर ती मुदत सहज ओलांडतो. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’च्या पीसी आवृत्तीला (मार्च २०२३) शेडर तयार होण्याचा प्रदीर्घ वेळ, गेम मध्येच बंद पडणे व ग्राफिक्स कार्डातील स्मृतीची अवाजवी मागणी यांमुळे मोठा फटका बसला. प्लेस्टेशन ५ वर ८८ मिळवणारा गेम पीसीवर ५९ वर राहिला. ‘बॅटमॅन : आर्खम नाइट’ची पीसी आवृत्ती तर जून २०१५ मध्ये बाजारात येताच विक्रीतून मागे घ्यावी लागली आणि ऑक्टोबरअखेर परत आली.

उलट दिशेचाही दाखला आहे. ‘मारिओ कार्ट ८’ला वी यू कन्सोलवर (२०१४) ८८ होते, स्विचवरील ‘डिलक्स’ आवृत्तीला (२०१७) ९२ मिळाले. येथे यंत्रापेक्षा आशयाचा वाटा मोठा होता : आधी वेगळ्या विकल्या गेलेल्या शर्यतीच्या वाटा व पात्रे त्यात समाविष्ट होती आणि टीकेचा विषय ठरलेली ‘बॅटल’ पद्धत नव्याने केली होती.

समीक्षा-प्रत व मुदतबंदी : प्रकाशक कंपनी कोणत्या यंत्राची प्रत, कोणाला, किती दिवस आधी देते आणि मुदतबंदी, म्हणजे ठरावीक वेळेआधी काय छापू नये ही अट, कशी घालते यावर पहिल्या दिवसाचे गुण ठरतात. याचे ठळक उदाहरण ‘सायबरपंक २०७७’. १० डिसेंबर २०२० पूर्वी समीक्षकांना केवळ पीसी प्रती मिळाल्या आणि स्वतः चित्रित केलेली दृश्ये दाखवण्याची मुभा नव्हती. पहिल्या निवाड्यांत कन्सोलचा उल्लेख असणे शक्यच नव्हते. पुढे पीसीचा आकडा ८६ वर स्थिरावला, तर प्लेस्टेशन ४ चा ५७ वर. आयजीएनने पीसीला ९ आणि जुन्या कन्सोलांना ४ असे दोन स्वतंत्र निवाडे दिले. प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने आठवड्याभरात गेम आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला, तो जून २०२१ मध्ये परतला. सर्व प्लॅटफॉर्म मिसळणाऱ्या ओपनक्रिटिकला आपल्या पानावर इशारा लावावा लागला. मिसळलेल्या सरासरीची मर्यादा याहून स्पष्टपणे क्वचितच उघडी पडली असेल.

मेटाक्रिटिक एखाद्या समीक्षेचा पहिला प्रसिद्ध गुणच धरते, नंतरचा बदल घेत नाही. मार्च २०१३ मध्ये ‘सिमसिटी’ला पॉलिगॉन या संकेतस्थळाने आधी ९.५ दिले. सर्व्हर कोलमडल्यावर ते ८ आणि मग ४ केले, पुढे ६.५. संकलनात मात्र ९५ च राहिले. या नियमामागचा हेतू प्रकाशकांचा दबाव टाळणे हा आहे. पण महिनोन्‌महिने पॅच (दुरुस्त्या) येणाऱ्या गेमांबाबत त्यामुळे जुना आकडा गोठून राहतो. अपवाद नव्या नावाने पुन्हा आलेल्या गेमांचा. ‘फायनल फँटसी १४’ला २०१० मध्ये पीसीवर ४९ होते, २०१३ मधील ‘अ रेल्म रीबॉर्न’ स्वतंत्र नोंद ठरून पीसीवर ८३ मिळवून गेली.

पैशाशी संबंध : विकासक चमूंचा बोनस सरासरीला बांधल्याची उदाहरणे आहेत. सर्वांत चर्चित ‘फॉलआउट : न्यू व्हेगस’चे. ८५ गुणांना बोनस होता आणि आकडा ८४ वर थांबला, असे त्या गेमच्या एका रचनाकाराने २०१२ मध्ये सांगितले. वर दाखवलेल्या भारांच्या व रूपांतराच्या हिशेबात एक गुण किती सहज इकडचा तिकडे होतो हे पाहता, अशी अट कराराला शोभणारी नाही.

खेळाडूंचे गुण : स्टीम या पीसी गेमांच्या ऑनलाइन दुकानावर २०१३ पासून खेळाडू केवळ शिफारस वा नापसंती नोंदवतात, तेथील टक्केवारी म्हणजे गुण नव्हेत. ९० टक्के म्हणजे दहातील नऊ जणांना गेम आवडला, किती आवडला ते कळत नाही. गेमबाह्य रागातून सामूहिक नापसंती नोंदवण्याचे प्रकार वाढल्यावर स्टीमने २०१९ पासून असे कालखंड मोजणीतून वगळण्यास सुरुवात केली. मेटाक्रिटिकने २०२० पासून गेम आल्यावर ३६ तासांपर्यंत खेळाडूंचे गुण स्वीकारणे थांबवले.

गुणांशिवाय समीक्षा : युरोगेमर या ब्रिटिश संकेतस्थळाने २०१५ मध्ये आकडे टाकून ‘आवश्यक’, ‘शिफारसपात्र’, ‘टाळावे’ असे शिक्के घेतले आणि परिणामी ते मेटाक्रिटिकच्या मोजणीबाहेर गेले. २०२३ मध्ये पाच ताऱ्यांसह आकडे परतले.

भारतीय गेमांच्या नोंदी या संकलनांत अजून विरळ आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ ऑगस्ट २०२० मध्ये आधी स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये पीसी, प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वनवर आला. त्याचे रकाने शेजारी ठेवून वाचताना मधले दोन महिने आणि बदललेले समीक्षक हिशेबात धरावे लागतात.